वेलीला स्टेरॉइड कधीपासून कळायला लागलं?

तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरची द्राक्षबाग आहे. वडिलांनी डिपिंगसाठी, म्हणजे घड द्रावणात बुडवण्यासाठी, ब्रासिनोची बाटली आणली, लेबलवर 'होमोब्रासिनोलाइड 0.04 टक्के' असं लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, हे झाडाचं स्टेरॉइड. ते ऐकल्यापासून आजी म्हणतात की यंदा आपल्या बागेतला घड पोरांना द्यायचा नाही. मुलीच्या जुन्या पुस्तकात वनस्पतींची पाचच संप्रेरकं (हार्मोन्स) दिली आहेत, त्यांत हे नाही. म्हणून तिने विचारलंय: हे जनावरांच्या स्टेरॉइडसारखंच असतं का? झाडांत ते आलं कधी? मॉस, नेचे, द्राक्ष, सगळ्यांना ते लागू पडतं का? आणि यावर कॉलेजचा प्रकल्प करता येईल का?

मी सांगलीत राहते. वनस्पतिशास्त्र बरीच वर्षं शिकवलं आणि मिरज, तासगाव, पलूस भागातल्या बागांनाही सल्ला देत आले आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. तुमचे चार प्रश्न वेगळे दिसत असले तरी मला त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. स्टेरॉइड कुणाच्या अंगात आहे हे विचारून फारसं हाती लागत नाही, कारण ते जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात आहे. ते ओळखणारं प्रथिन कुणाकडे आहे आणि ते कुठून आलं, हे विचारायला हवं. तेवढं समजलं की आजींची काळजीही सुटते आणि डिपिंगचं गणितही.

आजींपासून सुरुवात करते, कारण घड तयार व्हायच्या आत त्यांना उत्तर मिळायला हवं. स्टेरॉइड म्हणजे कार्बनच्या चार जोडलेल्या कड्यांचा सांगाडा. त्यातली तीन कडी सहा-सहा कार्बनची आणि एक पाच कार्बनचं. आपल्या रक्तातलं कोलेस्टेरॉल, शेंगतेलातलं सिटोस्टेरॉल, व्यायामशाळेत चोरून घेतली जाणारी औषधं, संधिवातावर डॉक्टर देतात त्या गोळ्या आणि तुमच्या बाटलीतलं होमोब्रासिनोलाइड, सगळ्यांचा सांगाडा हाच. मात्र त्यावर कुठे काय जोडलंय त्याने रेणूचा स्वभाव ठरतो. आणि तो स्वभाव दिसायलाही, त्या रेणूला ओळखणारं प्रथिन, म्हणजे ग्राही, समोर असावं लागतं.

माणसातले टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, कॉर्टिसोल यांचे ओळखीचे ग्राही पेशीच्या आत असतात. स्टेरॉइड पेशीत शिरतं, ग्राहीला चिकटतं आणि ती जोडी केंद्रकात जाऊन थेट डीएनएवर बसते. ग्राहींचं हे घराणं प्राण्यांच्या वंशात वाढलं. वनस्पतींत ते नाहीच. वनस्पतीचा स्टेरॉइड-ग्राही पेशीच्या पटलावर बसतो, त्याची रचना वेगळी, त्याचे पूर्वजही वेगळे. प्राण्यांनी आणि वनस्पतींनी स्टेरॉइडला संदेश म्हणून वापरायची रीत आपापली, स्वतंत्रपणे घडवली. म्हणून वेलीसाठी जो संदेश आहे तोच आपल्या शरीरासाठीही संदेश असेल, असं धरता येत नाही.

शिवाय हे संप्रेरक बाटलीतूनच पोटात जातं असंही नाही. प्रत्येक भाजीत, फळात ते नैसर्गिकरीत्या असतं. पराग आणि कोवळं बी यांत सर्वाधिक, दर ग्रॅममागे साधारण 1 ते 100 नॅनोग्रॅम. पानांत आणि कोंबांत त्याहून फार कमी, 0.01 ते 0.1 नॅनोग्रॅम. कोवळे मटार, पावटे, मक्याची कणसं खाताना आजींनी ते आयुष्यभर खाल्लं आहे. पोरांना घड द्यायला माझी हरकत नाही. दोन अटी मात्र आहेत: बाटली नोंदणीकृत आणि लेबल असलेली हवी, आणि लेबलवरची मात्रा व काढणीपूर्वीचा कालावधी पाळलेला हवा. मला भीती ब्रासिनोलाइडची वाटत नाही. नाव-गाव नसलेल्या 'टॉनिक'च्या बाटल्यांत आणखी काय मिसळलेलं असेल, त्याची वाटते. बाटलीत द्रावकही असतात, म्हणून हाताळताना हातमोजे घालाच.

आता पुस्तकातल्या पाच संप्रेरकांकडे येऊ. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन ही पाच नावं पक्की झाली तेव्हा हे सहावं अजून सिद्ध व्हायचं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मिचेल आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये लिहिलं की मोहरीवर्गातल्या रेप या पिकाच्या परागाचा अर्क घेवड्याच्या रोपाला लावला की पेरं लांबतं, फुगतं, कधीकधी फाटतंही. अर्कात नेमकं काय आहे हे कळायला आणखी नऊ वर्षं गेली. मधमाश्यांनी गोळा केलेल्या परागाचा प्रचंड साठा गाळून काही मिलिग्रॅम स्फटिक हाती आले आणि 1979 मध्ये त्यांची रचना समजली. तेच ब्रासिनोलाइड, आणि त्याच्या कुळातल्या सगळ्या स्टेरॉइडना मिळून ब्रासिनोस्टेरॉइड म्हणतात. झाडात इतकं कमी असलेलं द्रव्य संप्रेरक कसं असेल, अशी शंका त्यानंतरही बरीच वर्षं राहिली. ती फिटली 1996 मध्ये.

हा 1996 चा पुरावा मी वर्गात नेहमी सावकाश सांगते. मूग अंधारात उगवला तर त्याची कांडी लांब, पांढरी होते आणि बीजदलं मिटलेली राहतात, हे आपण घरी मोड आणताना पाहतो. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहान रोपाचे असे काही उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेली रोपं, सापडले की अंधारातही ते बुटके राहायचे आणि बीजदलं उघडायचे, जणू उजेडातच वाढताहेत. जोॲन कोरी यांच्या प्रयोगशाळेत त्यातल्या डेट-2 या उत्परिवर्तीचं बिघडलेलं जनुक शोधलं, तर ते स्टेरॉइड घडवणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) निघालं. बाहेरून ब्रासिनोलाइड दिलं की रोप सुधारायचं. म्हणजे हे द्रव्य नसेल तर झाड नीट वाढूच शकत नाही, हे सिद्ध झालं.

पुढच्याच वर्षी त्याहून नवलाची गोष्ट पुढे आली. माणसाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनवर काम करणारं 5-अल्फा-रिडक्टेज नावाचं विकर असतं. त्याचं मानवी जनुक या बुटक्या रोपात घातलं आणि रोप सुधारलं! वर मी म्हटलं की ग्राही पूर्ण वेगळे आहेत, आणि इथे विकर अदलाबदल करण्याइतकं सारखं. यात विरोध नाही. स्टेरॉल घडवायची कला प्राणी, बुरशी आणि वनस्पती वेगळे होण्याच्या आधीपासूनची आहे, कारण पेशीपटल नीट राहायला स्टेरॉल लागतं. त्या जुन्या मालातून काही वंशांनी पुढे संदेश घडवले. बनवणं जुनं आणि सामाईक, ऐकणं मात्र नंतरचं आणि ज्याचं त्याचं. तुमच्या उत्तराचं मूळ हेच आहे, पुढचं सगळं यावर उभं आहे.

वेल हा संदेश कसा ऐकते? ग्राहीचं नाव बीआरआय-1. त्याचा बाहेरचा भाग एकाच धाटणीचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडून वळलेला आहे, आणि त्यात मध्येच सुमारे 70 अमिनो आम्लांचा एक निराळा तुकडा घुसलेला आहे. स्टेरॉइड बसतं ते या तुकड्यालगतच्या खोबणीत. ते बसलं की शेजारचं बीएके-1 हे दुसरं प्रथिन जवळ येतं, आणि स्टेरॉइडचा रेणू एकाच वेळी दोघांनाही टेकतो. 2011 आणि 2013 मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून हे प्रत्यक्ष दिसलं. पेशीच्या आत बिन-2 नावाचं विकर एरवी सतत अडवणूक करत असतं. वाढीची जनुकं चालू करणाऱ्या बीझेडआर-1 आणि बीईएस-1 या प्रथिनांवर ते फॉस्फेट चढवून त्यांना निकामी ठेवतं. बाहेर स्टेरॉइड बसलं की आतल्या आत निरोप जाऊन बिन-2 गप्प होतं, फॉस्फेट उतरतं, ही प्रथिनं केंद्रकात जातात आणि पेशी लांबायला लागते. थोडक्यात, हे संप्रेरक वाढीला ढकलत नाही, वाढीवरचा अडसर काढतं. वडिलांशी बोलताना हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

'आलं कधी' या प्रश्नाचं उत्तर जीनोम, म्हणजे सजीवांचे पूर्ण जनुकसंच, वाचले गेल्यावर स्पष्ट होत गेलं. फिस्कोमिट्रियम या मॉसचा जीनोम 2008 मध्ये आला, सिलाजिनेला या नेच्यासारख्या दिसणाऱ्या बिनबियांच्या वनस्पतीचा 2011 मध्ये, मर्केंशिया या ओल्या जागी चपटी पसरणाऱ्या शेवाळी वनस्पतीचा 2017 मध्ये. जमिनीवर वनस्पती आल्या त्याला साधारण 47 कोटी वर्षं झाली. मॉस आणि मर्केंशिया यांचा वंश अगदी सुरुवातीलाच आपल्या पिकांच्या वंशापासून वेगळा झाला. त्यामुळे दोन्हीकडे जे सारखं आहे ते त्या समान पूर्वजात होतं, असं मानायला आधार मिळतो.

मर्केंशियात बिन-2 च्या जातीचं विकर आहे. बीईएस-1 च्या जातीचं प्रथिनही आहे. बीएके-1 चे भाऊबंदही शेवाळी वनस्पतींत आहेत. पण स्टेरॉइड पकडणारा बीआरआय-1 तिथे नाही. मर्केंशियात बीईएस-1 सारखं जनुक निकामी केलं तर थॅलसची, म्हणजे तिच्या पानासारख्या चपट्या अंगाची, वाढ बिघडते, हे 2021 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे ग्राही नसतानाही आतली यंत्रणा रिकामी बसलेली नव्हती, वाढीचं काम करतच होती. घरातलं वायरिंग आधी झालं, आतले दिवे त्यावर चालतच होते, आणि दारावरची बेल नंतर त्याच वायरला जोडली गेली, असा हा प्रकार आहे.

त्यातलं वायरिंग तर वनस्पतींहूनही जुनं. बिन-2 ज्या घराण्यातलं आहे ते जीएसके-3 घराणं यीस्टमध्ये आहे, प्राण्यांत आहे, आपल्या शरीरात ते इन्सुलिनच्या निरोपातही भाग घेतं. बेलही शून्यातून घडलेली नाही. बीआरआय-1 च्या जवळच्या नात्यात ईएमएस-1 नावाचा ग्राही आहे. परागकोशातल्या पेशींचं भवितव्य ठरवताना तो स्टेरॉइड ऐकत नाही, एक छोटं प्रथिन ऐकतो. 2019 मध्ये असं दिसलं की या दोन ग्राहींचे पेशीच्या आतले भाग एकमेकांच्या जागी चालतात, वेगळेपण आहे ते बाहेरच्या भागात. प्रथिनांचे निरोप ऐकणाऱ्या जुन्या घराण्यातल्या एका फांदीला स्टेरॉइड पकडता यायला लागलं, असा त्याचा सरळ अर्थ मी लावते. त्या फांदीवरही सगळे सारखे नाहीत. अराबिडॉप्सिसमध्ये बीआरआय-1 ची तीन भावंडं आहेत. त्यातली दोन ब्रासिनोलाइड पकडतात, तिसरं आजही पकडत नाही.

मग मॉसमध्ये हे द्रव्य असतं का? 2017 मध्ये मर्केंशिया, मॉस, सिलाजिनेला आणि नेच्यांत या कुळातली संयुगं अगदी किंचित प्रमाणात सापडली. विद्यार्थी इथे गडबडतात आणि लिहून मोकळे होतात की 'मॉसमध्येही ब्रासिनोस्टेरॉइड संप्रेरक आहे'. एखादं द्रव्य सापडलं म्हणून ते संप्रेरक ठरत नाही. पालकात आणि कित्येक नेच्यांत कीटकांना कात टाकायला लावणारं एक्डायस्टेरॉइड भरपूर असतं. तो पालकाचा स्वतःसाठीचा निरोप नाही, पान कुरतडणाऱ्या अळीविरुद्धचं संरक्षण आहे. तेव्हा मॉससाठी उत्तर असं लिहा: रेणूंचा माल आहे, आतली यंत्रणा आहे, पण फुलझाडांसारखा ग्राही नाही. स्टेरॉइड ऐकणारी पूर्ण साखळी आपल्याला खात्रीने दिसते ती बीजधारी वनस्पतींत.

या साखळीचं शेवटचं टोक अजूनही वंशागणिक बदलतंय. अराबिडॉप्सिस कॅस्टास्टेरॉनवर एक पायरी चढवून ब्रासिनोलाइड बनवतो, टोमॅटोकडेही ती पायरी आहे. भात कॅस्टास्टेरॉनवरच थांबतो. द्राक्षाच्या मण्यातही कामाचं संप्रेरक म्हणून सापडतं ते कॅस्टास्टेरॉन. आणि तुमच्या बाटलीतलं 28-होमोब्रासिनोलाइड तिसरंच, सोयाबीनमधून मिळणाऱ्या स्टिग्मास्टेरॉलपासून ते स्वस्तात बनवता येतं. तरीही वेल त्याला प्रतिसाद देते, कारण ते त्याच खोबणीत बसतं.

आता बागेत येऊ. आपल्या शेतकऱ्यांना रोज उपयोगी पडणारी पण क्वचित सांगितली जाणारी गोष्ट इथे आहे. भुरी या बुरशीच्या रोगासाठी आपण हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल अशी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं मारतो. बुरशीचं स्टेरॉल बनवणारं एक विकर ती बंद पाडतात. पण स्टेरॉल बनवायची कला सामाईक आहे, हे वर आलंच. वेलही ब्रासिनोस्टेरॉइड बनवताना त्याच मोठ्या घराण्यातली, सायटोक्रोम पी-450 ची विकरं वापरते. म्हणून ट्रायझोलचा थोडाफार हात वेलीवरही पडतो. याच गटातलं प्रोपिकोनॅझोल तर प्रयोगशाळेत ब्रासिनोस्टेरॉइडचं उत्पादन थांबवायला मुद्दाम वापरलं जातं, 2012 मध्ये अराबिडॉप्सिस आणि मक्यावर ते दाखवलं गेलं. ट्रायझोलच्या फवारण्या पाठोपाठ झाल्या की शेंडा थबकतो, पान जाड आणि गडद होतं, हे आपले बागायतदार डोळ्यांनी ओळखतात. त्यामागे जिबरेलिन कमी होणंही असतं आणि ब्रासिनोस्टेरॉइड कमी होणंही.

हीच औषधं डाऊनी या रोगावर का चालत नाहीत, तेही यातूनच कळतं. डाऊनीचा रोगकारक खरी बुरशी नाही, तो ऊमायसीट या वेगळ्या वंशातला आहे आणि स्वतः स्टेरॉल बनवतच नाही. जे विकर त्याच्याकडे नाही ते बंद कसं पाडणार? वंशवृक्ष माहीत असला की औषधावरचा खर्च वाचतो, हे मी शेतकऱ्यांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगते.

वडिलांच्या डिपिंगबद्दल बोलते, पण यातलं बरंच तुमच्या बागेवर अवलंबून आहे. घडामागे पानं किती, काडीवर घड किती ठेवले, मुळं पांढरी चालू आहेत का, थंडी किती, पाण्याचा क्षार किती, हे पाहिल्याशिवाय 'इतका फरक पडेल' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अडसर काढल्याने वाढ होते ती मागे अन्न असेल तरच. पंधरा पानांची काडी आणि सहा पानांची काडी यांच्या घडाला तोच डोस दिला, तर मला फरक पानांचा दिसतो, औषधाचा नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड रानात झाडाचा ताण कमी करायला म्हणून ब्रासिनो सुचवलं जातं. ताण सोसायला हे संप्रेरक मदत करतं याचे प्रयोग आहेत, पण चर काढून पाण्याचा निचरा केल्याशिवाय त्या बागेवर पैसे घालू नका, असंच मी सांगते.

मात्रेचा अंदाज घ्या. 0.04 टक्क्यांचं द्रावण लिटरला 1 मिली घेतलं तर पाण्यात ते सुमारे 0.4 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 0.4 भाग, होतं. जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, आपण 10, 20, 40 पीपीएमने वापरतो, म्हणजे हे त्याच्या कैकपट कमी. इतक्या कमी मात्रेवर चालणारं द्रव्य अंदाजाने झाकणभर जास्त ओतायचं नसतं. प्रमाणाबाहेर ब्रासिनोस्टेरॉइड मिळालं की अराबिडॉप्सिसची मुळं खुंटतात, आणि हा उलटा परिणाम इतर रोपांतही दिसतो.

फवारा कुठे पडतो, हे त्याहून महत्त्वाचं. झाडाच्या आत हे संप्रेरक लांबचा प्रवास करत नाही. वाटाण्यावर कलम करून केलेल्या प्रयोगांत खोडाच्या एका भागातलं संप्रेरक दुसऱ्या भागाची उणीव भरून काढू शकलं नाही. ज्या पेशीत किंवा तिच्या शेजारी ते बनतं, तिथेच ते काम करतं. म्हणून पानावर ब्लोअर फिरवून घडावर परिणाम मागू नका. घडासाठी वापरायचं असेल तर घड भिजला पाहिजे, आणि डिपिंगचा फायदा तोच आहे.

वेळेचं म्हणाल तर 2006 मध्ये काबर्ने सॉव्हिन्यों या जातीवर झालेला अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायच्या, सुमाराला कॅस्टास्टेरॉन वाढतं. त्या काळात बाहेरून ब्रासिनोस्टेरॉइड दिलं तर पक्वता लवकर येते, आणि ते बनणं रोखलं तर लांबते. यातून मी दोन गोष्टी घेते. शरदसारख्या रंगीत जातीत रंग लवकर आणि सारखा यावा म्हणून पाणी उतरताना विचार करता येईल. पण पांढऱ्या जातीचा माल बाजारासाठी थोडा थांबवायचा असेल, तर त्या टप्प्यावर ते मारणं आपल्याच विरुद्ध जाईल. मणी लहान असताना जीएसोबत दिलं जातं तेव्हा हेतू वेगळा असतो, पेशी लांबवण्याचा. एकाच बाटलीचे हे दोन वेगळे उपयोग आहेत, आणि दुकानात ते एका वाक्यात सांगितले जातात.

रोगाचाही विचार करा. बीएके-1 हे प्रथिन फक्त स्टेरॉइडसाठी नाही. जिवाणूंची चाहूल घेणाऱ्या ग्राहीलाही त्याचीच साथ लागते, आणि बीझेडआर-1 चालू असताना अराबिडॉप्सिसची प्रतिकाराची तयारी काही अंशी मंदावते. काही पिकांत उलट, प्रतिकार वाढल्याचीही निरीक्षणं आहेत, म्हणून सरसकट नियम सांगता येत नाही. माझी रीत अशी: ढगाळ हवा आहे, डाऊनी किंवा करपा डोळ्यांसमोर आहे, अशा आठवड्यात मी वाढीचं कोणतंच संप्रेरक सुचवत नाही. आणि ट्रायझोल व ब्रासिनो एकाच टाकीत घेऊ देत नाही. बाहेरून दिलेलं संप्रेरक त्या अडवलेल्या पायरीच्या पुढचंच असतं, त्यामुळे ते वाया जातं असं नाही. पण मग जो परिणाम दिसला तो कशाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

वडिलांना थोडक्यात सांगायचं तर: पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस आणि बाटलीचं लेबल ताडून पाहा, माल निर्यातीला जाणार असेल तर रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशांच्या, यादीत ते कसं धरलंय हे आधी विचारा, घड पूर्ण भिजवा, मात्रा मोजूनच घ्या, आणि दोन ओळी न मारता तशाच सोडा. त्या दोन ओळी नसतील तर फरक पडला की नाही, याचं उत्तर कुणीच देऊ शकणार नाही.

राहिला प्रकल्प. नक्की करता येईल, आणि महागडी साधनं लागत नाहीत. मुगाचे मोड अंधारात वाढवा. एका गटाला नुसतं पाणी, दुसऱ्याला प्रोपिकोनॅझोलचं अगदी पातळ द्रावण, तिसऱ्याला प्रोपिकोनॅझोल आणि होमोब्रासिनोलाइड, चौथ्याला प्रोपिकोनॅझोल आणि जीए. आधी छोटी चाचणी घेऊन कोणत्या मात्रेला कांडी आखूड होते पण बी मरत नाही, ते ठरवा. तिसऱ्या गटात कांडी पुन्हा लांबली तर आखूडपणाचा निदान काही भाग ब्रासिनोस्टेरॉइडच्या कमतरतेमुळे होता, असं म्हणता येईल. चौथा गट मुद्दाम ठेवलाय, कारण ट्रायझोल जिबरेलिनचं बनणंही अडवू शकतं, आणि तो गट नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. द्रावकाचा परिणाम वेगळा काढायला, तुमचं संप्रेरक ज्यात विरघळवलंय तेवढंच द्रावक घातलेला एक गटही हवा.

दुसरा भाग मर्केंशियावर करा. तिच्या कपांत गेमा, म्हणजे नवी रोपं देणाऱ्या बारीक कळ्या, असतात, एकाच थॅलसवरच्या सगळ्या गेमा आनुवंशिकदृष्ट्या सारख्या, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. पावसाळ्यात महाबळेश्वरकडच्या ओल्या भिंतींवर, ओहोळांच्या कडेला ती दिसते. कासच्या पठारावरून मात्र काहीही उचलू नका, तो संरक्षित भाग आहे, तिथे फक्त पाहायचं आणि फोटो काढायचे. कॉलेजच्या ग्रीनहाउसमध्ये किंवा एखाद्या रोपवाटिकेतल्या कुंड्यांवर ती आपसूक वाढलेली सापडली तर सगळ्यांत उत्तम. गेमांवर तीच होमोब्रासिनोलाइडची मात्रा द्या आणि थॅलसचं क्षेत्रफळ आलेख कागदावर मोजा. बीआरआय-1 नसलेल्या वनस्पतीकडून मुगासारखा ठळक प्रतिसाद अपेक्षित नाही. तसा आला, तर सर्वांत आधी मात्रा आणि द्रावक तपासा. दोन्ही भागांची मोजमापं एकाच तक्त्यात लिहा, आणि प्रत्येक गटात निदान वीस रोपं किंवा गेमा ठेवा.